दुपारची ऊब पहाटेपर्यंत : पाटणच्या सड्यावरचं एक घर

पार्श्वभूमी

पाटण तालुक्यातले सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची सपाट पठारं, बाहेरच्यांना माहीत झाले ते पवनचक्क्यांमुळे. वनकुसवडे, सडावाघापूर इथं जो वारा पाती फिरवतो, तोच सड्याच्या कडेच्या वाड्यावस्त्यांतून वर्षभर वाहतो. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून झड घेऊन येतो आणि मार्गशीर्ष-पौषात पहाटे हाडांत शिरतो. हे प्रकरण अशाच एका वाडीतल्या घराचं आहे. वाडी समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. वाडीचं नाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

कुटुंब सहा माणसांचं. बापू वाशीच्या बाजारात माथाडी होते, पाठ गेल्यावर गावी परतले. त्यांची आई, म्हणजे घरातल्या आजी, पंच्याहत्तरी ओलांडलेली, छातीत दम्याची घरघर. घरात वहिनी (बापूंची बायको), थोरला मुलगा, सून आणि सहावीतला नातू. मुलगा कराडला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डिंगचं काम करतो आणि शनिवारी संध्याकाळी वर येतो. जुनं घर काळ्या दगडाचं आणि मातीच्या भेंड्यांचं होतं. एका पावसाळ्यात त्याची पश्चिमेची भिंत बसली आणि आढं खाली आलं. माणसं वाचली. तेव्हापासून सगळे जुन्या जोत्याशेजारी उभ्या केलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते.

हातात पैसे थोडे होते. बापूंच्या फंडातले उरलेले काही, मुलाने साठवलेले काही, आणि मंजूर झालेलं घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला तेव्हा सर्वसाधारण भागात १ लाख २० हजार रुपये मिळत आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आसपास असावं लागतं. सहा माणसांना तेवढं पुरणार नव्हतं.

अडचण

घर हवं ही अडचण उघड होती. तिच्या आत दुसरी होती ती आजींच्या पहाटेची. ‘पत्र्याखाली झोपायचं म्हंजी उघड्यावर झोपल्यागत. उलट उघड्यावर बरं, वरनं पानी तरी गळत न्हाय,’ असं त्या म्हणत. पाणी गळत होतं ते दवाचं. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. खाली सहा माणसांच्या श्वासाची वाफ असते. ती पत्र्याच्या आतल्या अंगाला धरते आणि पहाटे तीन-चारला गोधडीवर थेंब पडू लागतात. त्यावर उपाय म्हणून खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली जायची आणि दार गच्च लावलं जायचं. बंद खोलीत निखारे ठेवणं जिवावर बेतू शकतं, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दम्याच्या माणसाला तर धूरही नको आणि ओलही नको.

मुलगा मोबाइलवर लडाखमधल्या सौरघरांचे व्हिडिओ पाहून आला होता. लाकूड न जाळता, वीज न वापरता खोली उबदार राहते, हे त्याच्या मनात बसलं होतं. त्याचा प्रश्न सरळ होता: हे आपल्याला जमेल का, आणि आपल्या हातांनी जमेल का?

सगळ्यात आधी मोजलं काय?

नकाशा काढण्याआधी एक साधा थर्मामीटर शेडमध्ये आणि एक बाहेर आंब्याच्या सावलीत टांगला. नातवाने वहीत पहाटेची आणि दुपारची नोंद ठेवली. डिसेंबर-जानेवारीत बाहेर पहाटे पारा दहाच्या आसपास आणि दुपारी पंचवीस-सव्वीसला. शेडमध्ये पहाटे बाहेरच्याइतकाच गारठा, एखादा अंश इकडेतिकडे, आणि दुपारी पत्रा तापून बत्तीसच्या वर.

या वहीने पुढची अर्धी दिशा ठरवली. लेहला जानेवारीत दुपारसुद्धा गोठलेली असते, म्हणून तिथे सूर्याची प्रत्येक तिरीप पकडून घरात कोंडावी लागते. सड्यावर दुपार उबदारच आहे. दिवस-रात्रीची सरासरी सतरा-अठराच्या घरात येते आणि गोधडीत झोपणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. इथे थंडी आहे ती फक्त रात्रीच्या उत्तरार्धाची. म्हणजे काम उरतं ते दुपारची ऊब धरून पहाटेपर्यंत पोचवण्याचं. त्यासाठी जड भिंत लागते, आणि ती ऊब वरून पळून जाऊ नये असं छप्पर लागतं. सूर्याची खिडकी त्यानंतर येते. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि घर उभं राहिल्यावर ते पक्कं झालं: आपल्याकडच्या डोंगरी भागात पैसा मोजका असेल तर तो आधी छतात घालावा, काचेत नंतर.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ठेकेदाराचा होता. आरसीसी पिलर, सिमेंटचे ब्लॉक, वर स्लॅब. वाळू, खडी, ब्लॉक सगळं घाटातून वर चढवायचं. चारशे-सव्वाचारशे चौरस फुटांना आठ लाखांच्या आसपास आकडा आला. कर्ज काढल्याशिवाय ते होणार नव्हतं. शिवाय उघडा स्लॅब उन्हाळ्यात रात्रभर तापलेला राहतो आणि पावसाळ्यानंतर त्यालाच ओल धरते.

दुसरा पर्याय मुलाच्या आवडीचा होता, त्राँब भिंतीचा. फ्रान्समध्ये ओदेइयो इथे फेलिक्स त्राँब आणि वास्तुविशारद झाक मिशेल यांनी १९६७ मध्ये या पद्धतीचं घर बांधलं. दक्षिणेला काळी जाड भिंत, तिच्यासमोर थोडं अंतर सोडून काच, भिंतीला वर-खाली झरोके. मधली हवा तापते, वरच्या झरोक्यातून आत येते, आणि भिंत रात्री हळूहळू ऊब सोडते. लडाखमध्ये ही पद्धत उत्तम चालते. इथे तिच्या विरोधात तीन गोष्टी होत्या. काचेचा पडदा वाऱ्या-पावसात सांभाळणं महाग. एप्रिल-मेमध्ये तीच भिंत डोकेदुखी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जून ते सप्टेंबर काच आणि भिंत यांच्यामध्ये कोंडणारी ओल. त्या फटीत हात घालून बुरशी पुसता येत नाही. मुलगा नाराज झाला, पण वहीतले आकडे घरातलेच होते, त्यामुळे त्यालाही ते पटलं.

तिसरा पर्याय निवडला गेला. मातीच्या दाबलेल्या विटांच्या जाड भिंती, दक्षिणेला बेताच्या खिडक्या, वर पत्रा आणि त्याखाली भाताच्या तुसाचा (टरफलांचा) माळा. शक्य तेवढं काम घरच्यांनी आणि भावकीने पैऱ्याने, एकमेकांच्या कामाला हात लावून, करायचं. गवंड्याला मजुरी द्यायची ती पाया, भिंतींतले काँक्रीटचे पट्टे आणि कोपरे यांच्यासाठी.

घर कुठे आणि कुठल्या तोंडाने

आकृती ठरली २८ फूट बाय १५ फूट, लांब बाजू दक्षिणेला. इथे पहिला खरा अडथळा आला. ‘दक्षिणंला तोंड? यमाची दिशा ती,’ बापू म्हणाले, आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. ज्या घरात राहायचं त्याच्याबद्दल माणसाच्या मनात सल राहिला तर भिंती कितीही उबदार असोत, काय उपयोग? दार पूर्वेलाच ठेवलं, तुळशीसमोर. दक्षिणेला फक्त खिडक्या आल्या. सूर्याला दार लागत नाही, खिडकी पुरते. आजींनी बापूंना आठवण करून दिली की जुन्या घरातही पौषात पाठ शेकायला सगळे दक्षिणेच्याच अंगाला, गोठ्याच्या भिंतीशी बसायचे.

दिशा काढली ती काठीने. अंगणात एक सरळ बांबू रोवला, ओळंब्याने उभा केला आणि भोवती दोरीने चुन्याचं वर्तुळ आखलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवलं तिथे एक खूण, दुपारनंतर परत शिवलं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते. नातू दिवसभर त्या बांबूभोवती होता. जुनं जोतं या रेघेशी बरंच तिरकं निघालं. त्यामुळे जुन्याच जोत्यावर भिंती चढवून पाया वाचवायचा विचार सोडावा लागला. खर्च वाढला, पण हा निर्णय योग्यच होता. घराची दिशा नंतर बदलता येत नाही.

दुसरा अडथळा आंब्याचा. दक्षिणेला पंचवीसेक फूट उंचीचं झाड. पाटणच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो, सकाळी दहाला चाळीस अंशांवर. म्हणजे दहा वाजता या झाडाची सावली तीस फूट लांब पडते. आंबा हिवाळ्यात पानं गाळत नाही. तिथे पांगारा असता तर प्रश्नच नव्हता. झाड तोडायचं का? वहिनींनी ठाम नकार दिला, सासऱ्यांनी लावलेलं होतं. मग घरच परड्याच्या बाजूला, उत्तरेला सरकवलं. परड्यातली भाजीची जागा गेली. ती वहिनींची होती आणि त्यांनी ती सोडली, हे नोंदवायला हवं.

छज्जाचं गणित

सड्यावर वळचण जितकी लांब तितकी भिंत सुरक्षित, हे सगळ्यांना ठाऊक. पण दक्षिणेची वळचण लांब झाली तर हिवाळ्यातलं ऊन आत येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या होत्या.

साडेचार फूट उंचीच्या खिडकीवर अर्धा फूट सोडून दीड फुटाचा छज्जा घेतला. २१ डिसेंबरला मध्यान्ही त्याची सावली पावणेदोन फूट खाली येते, म्हणजे खिडकीचा वरचा सव्वा फूट झाकला जातो आणि बाकी सगळं ऊन फरशीवर. २१ मार्चला सूर्य ७२ अंशांच्या वर जातो आणि सावली पावणेपाच फूट उतरते, खिडकी जवळजवळ पूर्ण झाकली जाते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, त्यानंतर सूर्य काही आठवडे उत्तरेकडेच असतो. उन्हाळ्यात या खिडक्यांतून थेट ऊन येत नाही. ऑक्टोबर मात्र अडचणीचा. ऑक्टोबरअखेरचा सूर्य फेब्रुवारीतल्याइतकाच खाली असतो, पण हवा तापलेली असते. त्यावर छज्जाकडे उत्तर नाही, पडदाच ओढावा लागतो.

पावसासाठी दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींवर लोखंडी आकडे बसवले आणि बांबूच्या चौकटीत गवताच्या ताट्या विणल्या. मृगाच्या आधी टांगायच्या, दसऱ्याला उतरवायच्या. सड्यावर जुन्या घरांना हेच करत आले आहेत. नव्या सिमेंटच्या घरांनी ते सोडलं आणि मग भिंती पाझरतात म्हणून वॉटरप्रूफिंगवर पैसा घालत बसले.

भूकंपाचा प्रश्न

गवंड्याचं म्हणणं होतं की बैठ्या घराला पट्ट्यांचे लाड कशाला. कोयना परिसरात हे म्हणणं मान्य करता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चारनंतर थोड्याच वेळात भूकंप झाला, लोक झोपेत होते. आजी तेव्हा नव्या सून होत्या, बापू तान्हे. नंतरचे कित्येक दिवस ऐन थंडीत उघड्यावर काढल्याचं त्या सांगतात. त्यांना घराच्या उबेपेक्षा भिंतीचीच धास्ती जास्त होती. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जाड दगडी भिंती आणि मातीची जड छतं यांनीच माणसं मारली.

उबेसाठी जडपणा हवा आणि भूकंपासाठी हलकेपणा. यातून मार्ग असा काढला की जडपणा भिंतीत आणि जमिनीत ठेवायचा, डोक्यावर नाही. जोत्याला, खिडकीखाली, लिंटेलला (खिडक्या-दारांच्या वर) आणि भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यांत पायापासून वरपर्यंत उभे गज. खिडक्या कोपऱ्यापासून लांब. दक्षिणेच्या २८ फुटांत साडेचार-साडेचार फुटांच्या दोनच खिडक्या, म्हणजे भिंतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी उघडी. मुलाला तिसरी खिडकी हवी होती, ती इथे नाकारली. सिमेंट आणि सळी यांच्यावरचा बहुतेक खर्च या पट्ट्यांत गेला आणि त्यातला एक रुपयाही कमी करायला नको होता.

विटा

सड्यावरची तांबडी माती दाबाच्या विटांना चांगली, पण जशीच्या तशी नाही. काचेच्या बरणीत अर्धी माती आणि पाणी घालून खळखळून हलवली आणि खिडकीत ठेवली. वाळू मिनिटभरात तळाशी बसली, गाळ काही तासांत, आणि वरचं पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत लाल राहिलं. चिकणमाती जास्त होती. नुसत्या त्या मातीच्या विटा वाळताना तडकल्या असत्या. त्यात जांभ्याचा बारीक मुरूम चाळून मिसळला. सिमेंट पाच टक्क्यांनी सुरुवात केली. नमुन्याची वीट रात्रभर बादलीत बुडवली तर सकाळी कडा बोटाने निघाल्या. सात टक्क्यांवर त्या टिकल्या, तेच प्रमाण ठेवलं.

हाताने दाबायचं यंत्र भाड्याने आणलं. एकाने मिश्रण भरायचं, दोघांनी दांडा ओढायचा, चौथ्याने वीट उचलून रांगेत मांडायची. विटा जानेवारी-फेब्रुवारीतच पाडल्या, कारण एप्रिलमध्ये झऱ्याला पाणी राहत नाही आणि सिमेंटच्या विटेला तीन-चार आठवडे ओल द्यावीच लागते. ओली पोती आणि त्यावर प्लास्टिक, म्हणजे थोड्या पाण्यात भागतं. हे पाणी जवळजवळ सगळं वहिनी आणि सुनेने हंड्यांनी वाहिलं.

भिंती नऊ इंचांच्या. पश्चिमेची मात्र जुन्या घराच्या काळ्या दगडाची, दीड फुटाची, मध्ये मध्ये आरपार जाणारे लांब दगड घालून. झडीला तोंड तिनेच द्यायचं होतं.

छत आणि माळा

कौलं वाऱ्याने उडतात, म्हणून रंगीत पत्रा, मुलाने स्वतः वेल्ड केलेल्या पाइपांच्या कैच्यांवर (छपराच्या तिरक्या चौकटींवर). त्याखाली काय घालायचं यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. थर्माकोल स्वस्त, पण आग धरतो आणि उंदीर त्यात घरटी करतात. भाताचा पेंढा त्याहून वाईट. जुन्या पद्धतीचा मातीचा जाड थर उत्तम, पण नुसत्या दोन इंचांचं वजन चौरस मीटरला ऐंशी किलोच्या घरात जातं. किल्लारीनंतर तो डोक्यावर नको.

शेवटी भाताचं तूस ठरलं. पाटण खोऱ्यातल्या गिरण्यांत ते जवळजवळ फुकट मिळतं. त्यात सिलिका भरपूर असल्याने ते सहज पेटत नाही, कुजत नाही. चुन्याची भुकटी आणि कडुनिंबाचा पाला मिसळून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरलं, चारेक इंच जाडीची सपाट पोती शिवली आणि बांबूच्या तट्ट्यावर एकाला एक खेटून मांडली. तट्ट्याला खालून मातीचा पातळ गिलावा. ठिणगी पडली तर तूस आतल्या आत धुमसतं, त्यामुळे विजेची तार लोखंडी नळीतून, पोत्यांपासून दूर. पोती आणि पत्रा यांच्यामध्ये हवा खेळायला जागा ठेवली, दोन्ही टोकांना जाळी. पत्र्याचं दव आता माळ्यावरच वाळतं.

भिंतीचा माथा आणि माळा यांच्या मधली प्रत्येक फट माती-चुन्याने बुजवली. हे काम कंटाळवाणं असतं, कोणाच्या फोटोत येत नाही आणि बहुतेक घरांत अर्धवट राहतं. सड्यावरच्या वाऱ्यात अशी एक उघडी ओळ दोन खिडक्यांनी मिळवलेलं सगळं घालवते. चुलीला मात्र धुराडं हवंच, ते वेगळं काढलं.

खिडक्या आणि फरशी

चौकटी कराडच्या जुन्या सामानाच्या बाजारातून, पाडलेल्या घरांच्या. सागवानी, जड, बिजागऱ्या शाबूत. काच साधी एकेरी. आतून फळ्यांच्या झडपा केल्या, त्यांच्या मागे गोधडीचा एक थर ठोकला. काचेतून दिवसा जे आत येतं ते रात्री काचेतूनच जातं, म्हणून दिवेलागणीला झडपा लावणं हा या घराचा भाग आहे. ते काम नातवाकडे.

दोन खिडक्या मिळून चाळीस चौरस फूट, जमिनीच्या दहाव्या हिश्श्याला थोडी कमी. निरभ्र दिवशी त्यांतून ढोबळ हिशेबाने सात-आठ युनिट विजेइतकी उष्णता आत येते. ती साठायला खाली काहीतरी जड आणि गडद हवं. सुनेला पांढऱ्या चकचकीत टाइल्स हव्या होत्या, माहेरी तशा होत्या. ऊन पडतं त्या पट्ट्यात शहाबादी फरशी आणि स्वयंपाकघरात तिच्या आवडीच्या टाइल्स, असं ठरलं. त्या पट्ट्यावर दिवसा सतरंजी अंथरायची नाही, एवढा एक नियम.

काय झालं

भिंती लिंटेलपर्यंत आल्या आणि मेच्या मध्यावर वळवाने गाठलं. मुरलेल्या विटांना काही झालं नाही. नुकत्याच भरलेल्या दर्जा (विटांमधले सांधे) मात्र धुपल्या आणि शेवटच्या लॉटच्या उघड्या राहिलेल्या विटा विरघळल्या. गवंड्याला दुसरीकडचं काम होतं, त्याचा आग्रह तसंच पुढे जाण्याचा. घरच्यांनी दोन थर उतरवून पुन्हा रचायचं ठरवलं. त्याच सुमारास घरकुलाचा एक हप्ता अडला, मातीच्या विटांबद्दल तपासणीत शंका आली म्हणून. बादलीत बुडवलेली वीट आणि पट्ट्यांतल्या सळीचे फोटो दाखवल्यावर तो सुटला. पत्रा चढला तेव्हा मृग लागला होता. आतला गिलावा आणि माळा दिवाळीनंतर पुरा झाला.

एकूण खर्च पावणेपाच लाखांच्या आसपास गेला, त्यात घरकुलाची रक्कम धरलेली आहे. ठेकेदाराच्या आकड्यापेक्षा तो बराच कमी दिसतो. पण घरच्यांचे कित्येक महिन्यांचे श्रम, विशेषतः बायकांचे, मजुरीच्या दराने मांडले तर फरक निम्म्यावर येईल. स्वस्त घर म्हणताना हे सांगितलं नाही तर पुढच्या कुटुंबाची फसवणूक होते.

पहिल्या हिवाळ्यात बाहेर पहाटे दहा असताना आत सतरा-अठरा राहिलं. सलग दोन ढगाळ दिवसांनंतर सोळा. शेगडी बंद झाली. आजींचा दमा गेला नाही, पण रात्रीची उठबस कमी झाली, असं सून सांगते. एप्रिलच्या दुपारी बाहेर चौतीस तर आत तीसच्या खाली.

सगळ्यात बोलकी नोंद पौषातली. कुटुंब पालच्या खंडोबाच्या यात्रेला गेलं आणि घर झडपा लावून काही दिवस बंद राहिलं. परत आल्यावर दुसऱ्या पहाटे आत पंधरा-सोळा भरलं. म्हणजे दक्षिणेच्या खिडक्यांचा वाटा होता दोनेक अंशांचा. बाकीचे पाचेक अंश सांभाळले ते भिंतींनी, माळ्याने आणि बुजवलेल्या फटींनी. ज्याच्याकडे खिडक्यांना पैसे नाहीत, त्यानेही नुसता तुसाचा माळा घातला आणि फटी बुजवल्या तर बराचसा पल्ला गाठता येतो. वाडीतल्या तिघांनी आपल्या पत्र्याखाली तेवढंच केलं आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पत्रा आधी, भिंती नंतर. पाइपांचे खांब उभे करून मार्चमध्येच छप्पर घातलं असतं, तर विटा सावलीत मुरल्या असत्या, पाणी कमी लागलं असतं आणि वळवाची भीती राहिली नसती. खांब आणि माथ्याचा पट्टा यांची जोडणी नीट करावी लागते, पण वेल्डर घरातलाच होता.

स्वयंपाकघर उत्तरेला गेलं. चुलीची ऊब तिथे आपोआप मिळेल असा विचार होता, पण सून पहाटे पाचला चूल पेटवायला जाते तेव्हा ती खोली घरातली सगळ्यात गार असते. पश्चिमेची दगडी भिंत उत्तरेलाही थोडी वळवली असती, किंवा मधल्या भिंतीला माथ्याजवळ झरोके ठेवले असते, तर पुढच्या खोलीची ऊब मागे गेली असती. झरोके अजूनही पाडता येतील, माथ्याच्या पट्ट्याला हात न लावता. बापूंची त्याला तयारी आहे.

पावसाळ्याचा प्रश्न सुटलेला नाही. चार महिने ऊन नसतं आणि ताट्यांमुळे उजेडही कमी. पश्चिमेच्या दगडाला आतून दमटपणा येतो, कपाटामागे बुरशी धरते. चुन्याच्या सफेदीने ती आटोक्यात राहते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं आहे. येत्या उन्हाळ्यात ताट्यांच्या वरच्या भागात पारदर्शक पत्र्याची पट्टी बसवून पाहायचं आहे. चौकटी वेल्ड करायला मुलाने घेतल्या आहेत.